लांब गाडीचं छत आखूड गाडीवर: आधी गाडी मोजा, मग पत्रा कापा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुनी, तीन दारांची, आखूड व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी असलेली) फोर बाय फोर तुम्ही पुन्हा उभी करताय. मूळ छताला सनरूफ होतं आणि त्याच्या चौकटीभोवतीचा पत्रा सडून गेलाय. त्याच मॉडेलच्या पाच दारी लांब गाडीचं, सनरूफ नसलेलं छत तुम्हाला मिळालं, छताखालच्या आडव्या पट्ट्या आणि कडेच्या पन्हळीसकट (पावसाचं पाणी वाहून नेणारी खाच) कापून आणलेलं. जुनं छत न काढता पन्हळीवर पन्हळ टेकवून पाहिलं तर पुढच्या काचेपाशी ते बसतं, पण मागे डाव्या कोपऱ्यात ९ मिलिमीटर वर राहतं. लांबी जास्त आहे, ती मधून कमी करावी की मागून, आणि वेल्डिंगऐवजी रिव्हेट आणि ॲडहेसिव्हवर भागेल का, हे तुम्ही विचारलंय.

लांबी मागून कमी करा, मधून अजिबात नको. ॲडहेसिव्ह काही जागी चालेल, कोपऱ्यांत नाही. पण त्या ९ मिलिमीटरचा छडा लागेपर्यंत ग्राइंडर कपाटात राहू द्या. बहुतेक जण इथेच चुकतात: पत्रा बसत नाही म्हणून पत्रा कापतात. चाळीस वर्षांची गाडी आणि कारखान्यातल्या साच्यातून निघालेला पत्रा, या दोघांत वाकडं कोण असेल? मी तरी आधी गाडीवरच संशय घेतो.

जुनं छत अजून जागेवर आहे हे फार बरं झालं. एका कामात मी घाईने छत आधी उतरवलं होतं. दारं काढून बाजूला ठेवलेली, आतून आधार एकही नाही. नवीन छत सुरेख बसलं, रंगही झाला, आणि पुढची काच बसवल्यावर तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून तडकली. काच खराब असेल म्हणून दुसरी बसवली, तीही गेली. मग मोजलं तर काचेच्या चौकटीचे दोन कर्ण ४ मिलिमीटरने वेगळे निघाले. छत नसताना ते पेलणारे खांब जिथे कलले, तिथेच मी ते वेल्डने कायमचे पक्के करून टाकले होते. तेव्हापासून दारं लावल्याशिवाय मी छताला हात लावत नाही.

चार कोपरे एका पातळीत आहेत का, हे दोन दोऱ्यांनी कळतं. आतलं कापड काढा. डाव्या आणि उजव्या खांबांवर, पुढे आणि मागे, कारखान्यातूनच पडलेली जुळी भोकं शोधा. पुढच्या डाव्या भोकातून मागच्या उजव्यापर्यंत एक दोरी ताणा, दुसरी उलट कर्णावर. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या तर चारही बिंदू एका पातळीत आहेत. एक कोपरा ९ मिलिमीटर खाली असेल तर मध्यावर दोन दोऱ्यांत साधारण साडेचार मिलिमीटर अंतर दिसेल. दोरी वरची कुठली आणि खालची कुठली हे अदलाबदल करून दोनदा बघा, नाहीतर दोऱ्या एकमेकींना दाबत असतात आणि आपण खूश होतो. हीच तपासणी आणलेल्या छतावरही करा. ते सपाट जमिनीवर न ठेवता चार कोपऱ्यांना सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर ठेवा. एकटा पत्रा आपल्याच वजनाने पिळवटतो, म्हणून ठोकळे कुठे ठेवता ते महत्त्वाचं: पन्हळीच्या टोकांखाली, मधल्या पत्र्याखाली नाही.

गाडीच पिळवटलेली निघाली, आणि माझा अंदाज तोच आहे, तर पहिला संशयित बॉडी माऊंट. चॅसिस (खालची पोलादी चौकट) वेगळी असलेल्या गाडीत बॉडी रबराच्या गाद्यांवर बसते. त्या गाद्या वर्षानुवर्षं तेल, चिखल आणि वजन खाऊन बसतात, आणि सगळ्या सारख्या बसत नाहीत. कधी गादी ठीक असते पण तिच्यावरची बॉडीची कंस-पट्टी गंजून पोकळ झालेली असते आणि गादी तिच्यात घुसलेली असते. डावा मागचा कोपरा खाली गेलाय असं गृहीत धरलं तर तुमचा पत्रा तिथे ‘वर’ राहणारच. पत्रा आपल्या जागी आहे, गाडी त्याच्याखालून खचली आहे. माऊंट बदला, सडलेली पट्टी दुरुस्त करा, गाडी चाकांवर सपाट जमिनीवर उभी ठेवून बोल्ट घट्ट करा. जॅकवर किंवा स्टँडवर असताना नको, कारण तेव्हा बॉडीचं वजन भलत्याच जागी पडलेलं असतं. मग पुन्हा दोऱ्या ताणा. कोपऱ्यातल्या ९ चे २ झाले तर बाकीचं क्लॅम्पने येतं. २ चे ० करायच्या नादी लागू नका, नवी असतानाही ही गाडी तितकी सरळ नव्हती.

माऊंट ठीक असूनही फरक उरला तर जुना अपघात शोधा: मागच्या दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत सुरकुती, जास्तीची पुट्टी, रंगाखाली चिरलेला सीलर. तिथे मात्र आधी खेचण्याचं काम आहे, छताचं नंतर.

आता कापण्याकडे.

मधून कापायचा मोह मला समजतो. पुढचा भाग जुळतो, मागची कडही दुसऱ्या छतावर तयारच आहे, मधली अर्धा मीटर पट्टी काढून दोन तुकडे जोडले की झालं, असं वाटतं. पण छत सपाट नसतं. आडव्या दिशेला त्याला गोलाई असते तशी लांबीच्या दिशेलाही असते, आणि लांब गाडीची लांबीतली गोलाई जास्त संथ असते. मधून पट्टी काढली की दोन तुकड्यांचे उतार जुळत नाहीत आणि जोडावर एक पुसट कणा उभा राहतो. चमकदार रंगात तो दहा पावलांवरून दिसतो. शिवाय छताचा मध्य हा गाडीवरचा सगळ्यात मोकळा पत्रा. तिथे आरपार वेल्ड मारला की तो आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा सैल पडतो. मग गाडी खड्ड्यातून गेली की डबा वाजतो.

म्हणून जोड मागे घ्या. तुमच्या जुन्या छताचा मागचा भाग, म्हणजे मागच्या दाराच्या वरची कड आणि तिच्या पुढचा दीड-दोन वीत पत्रा, बहुतेक शाबूत असेल. सनरूफ पुढच्या भागात असल्याने सडही तिथवर पोचलेली नसते. ती कड ठेवा. तिथे दाराच्या बिजागऱ्या, रबर आणि दाराची फट या सगळ्यांचा हिशेब आहे आणि तो तुमच्या गाडीपुरता आधीच जुळलेला आहे. नवीन छत पुढून या कडेपर्यंत आणा आणि तिथे एक आडवा जोड घ्या.

कुठल्या रेघेवर, ते डोळ्याने ठरवू नका. जाड पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची पट्टी घेऊन जुन्या छताच्या मध्यावरून मागच्या ६०० मिलिमीटरांचा लांबीचा आकार उतरवून घ्या. कडेजवळून, पन्हळीपासून वीतभर आत, आणखी एक. हे दोन साचे नवीन छतावर पुढे-मागे सरकवा. जिथे दोन्ही साचे एकाच वेळी प्रकाश न दिसता बसतात, ती तुमची रेघ. मध्यावर बसतो आणि कडेला नाही असं झालं तर अजून सरकवा. काही छतांवर लांबीच्या उठावाच्या रेघा असतात, कडकपणासाठी दाबून काढलेल्या. लांब आणि आखूड गाडीत त्या एकाच अंतरावर असतील असं समजू नका. मागे त्या निमुळत्या होऊन संपतात, आणि संपण्याची जागा वेगळी असली तर जोड त्या संपतात त्याच्या मागे घ्यावा लागेल.

आणि जोड आडव्या पट्टीच्या बरोबर वर घेऊ नका. ‘खाली आधार आहे, तिथेच जोडा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो सरळ पत्र्यावर पत्रा चढवून चिकटवणाऱ्यासाठी ठीक आहे. कड-ते-कड वेल्ड करणार असाल तर वेल्डच्या खाली डॉली (हातोडीच्या उलट बाजूने धरायचा लोखंडी ठोकळा) पोचली पाहिजे, नाहीतर आकसलेला वेल्ड हातोडीने ताणून परत आणणार कसा? पट्टीपासून ४० ते ५० मिलिमीटर पुढे घ्या. आधारही जवळ राहतो आणि हातही पोचतो.

सनरूफवाल्या गाडीची एक गंमत इथे आडवी येते. तिच्या छताखाली मधल्या आडव्या पट्ट्या नसतातच, किंवा अर्ध्याच असतात, कारण सनरूफची चौकट हेच तिथलं मजबुतीकरण असतं. चौकट काढून नवीन पत्रा नुसता वर टाकला तर मध्ये मीटरभर छत निराधार राहतं. तुम्ही पट्ट्यांसकट छत कापून आणलंय, म्हणून सुटलात. त्या पट्ट्या पत्र्यापासून सोडवा, पण त्यांची मूळ अंतरं पाळत बसू नका. पुढची काच आणि तुमची मागची कड यांच्यातलं अंतर मोजून समान भागांत वाटा. लांब गाडीतली पट्टी तुमच्या जागी आणली की तिची उंची दोन-तीन मिलिमीटरने चुकेल. पट्टीच्या टोकांच्या बैठकीत पत्र्याचा तुकडा घालून किंवा टोक थोडं वाकवून ती जुळवा. पत्रा आणि पट्टी यांच्यात ३ मिलिमीटरची फट हवी. तिथे धातूला धातू टेकवायचा नाही.

त्या फटीत मऊ राहणारं, रबरासारखं पॉलियुरेथेन भरतात. वेल्ड का नाही, असं विचारणारे भेटतात. पोलाद दर मीटरमागे, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. उन्हात गडद छत सावलीतल्या पट्टीपेक्षा ३० अंशांनी जास्त तापलं तर दोन मीटरच्या पत्र्यात पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. वेल्ड केलात तर तो फरक जाणार कुठे? पत्रा प्रत्येक टाक्याभोवती खड्डा पाडून तो दाखवतो. कडक इपॉक्सीनेही तेच होतं. मऊ थर हा फरक गिळतो, वर पत्र्याचा थरथराटही मारतो. तो सलग पट्ट्यासारखा नको, अधूनमधून ठिपके ठेवा, म्हणजे मध्ये ओलावा अडकत नाही.

सनरूफच्या पाण्याच्या नळ्या विसरू नका. त्या चारही खांबांतून खाली गेलेल्या असतात. वरचं तोंड आता कुठेच उघडणार नाही, पण नळी आत तशीच राहिली तर खांबात ओल धरून बसते. ओढून काढा, आणि खालची भोकं मात्र उघडी ठेवा, खांबातलं पाणी तिथूनच निघतं.

जुनं छत उतरवण्याआधी दारं लावलेली, कुलपं बसलेली, आणि आतून २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळीचे आधार टाका: डाव्या खांबाच्या वरपासून उजव्याच्या वरपर्यंत, पुढे आणि मागे, शिवाय दोन कर्ण. आधार छताच्या फ्लँजवर (छत जिथे वेल्ड होतं त्या दुमडलेल्या कडेवर) टाकू नका, तिथेच तर काम करायचंय. खांबाच्या आतल्या बाजूला, थोडं खाली. मग पन्हळीतला जुना सीलर गरम हवेने मऊ करून खरवडा, वायर ब्रश मारा, स्पॉट वेल्डच्या, म्हणजे कारखान्याने ठिपक्या-ठिपक्यांनी केलेल्या जोडांच्या, गोल खुणा दिसतील. ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने फक्त वरचा थर कापा. खालच्या फ्लँजला भोक पडलं तर जग बुडत नाही, ते भरता येतं, पण असं प्रत्येक भोक म्हणजे पुढे एक काम. स्पॉट मोजून लिहून ठेवा. परत टाकताना तितके तरी टाकायचेच आहेत.

ड्राय फिट, म्हणजे वेल्डआधी छत नुसतं बसवून बघणं, हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आणि सगळ्यात मोलाचा. छत ठेवा, दर १५० मिलिमीटरला पत्र्याच्या स्क्रूने धरा. काच रबरासकट प्रत्यक्ष बसवून बघा, दारं उघडा-मिटा, मागचं दार पूर्ण उघडून बघा. मग गाडी ढकलून एक चाक फळीवर चढवा आणि दारं पुन्हा मिटा. इथे काही अडलं तर स्क्रू काढायला दहा मिनिटं लागतात, वेल्ड तोडायला दोन दिवस. मला काच बसवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी हे दोनदा करतो. वेल्डिंगला सुरुवात करताना मात्र काच काढून टाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि त्या निघत नाहीत.

पन्हळीच्या फ्लँजवर प्लग वेल्ड (वरच्या पत्र्यात भोक पाडून ते वेल्डने भरणं), ३० ते ४० मिलिमीटर अंतरावर. दोन्ही पृष्ठभागांवर झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर, पण भोकाच्या आतला खरवडून काढा, नाहीतर वेल्ड फुटफुटतो. झिंकचा धूर छातीत गेला की संध्याकाळी ताप भरल्यासारखं होतं, तेव्हा हवा खेळती ठेवा आणि योग्य मास्क घाला. सुरुवात पन्हळीच्या मध्यापासून, एक डावीकडे, एक उजवीकडे, असं टोकांकडे जात. एका बाजूची पन्हळ पूर्ण करून मग दुसरी धरलीत तर छत त्या बाजूला ओढलं जाईल आणि आपण दोऱ्यांवर घालवलेली सगळी दुपार वाया जाईल. काचेच्या वरची पट्टी त्यानंतर. मागचा आडवा जोड सगळ्यात शेवटी.

तो जोड जमेल तर टिगने (टंगस्टनच्या टोकाने पत्रा वितळवणाऱ्या वेल्डिंगने) करा. टिगचा वेल्ड मऊ राहतो, हातोडी-डॉलीने ताणता येतो. मिगचा (यंत्रातून तार सरकत येते त्या वेल्डिंगचा) टाका कडक होतो, ठोकला तर चिरतो, घासूनच सपाट करावा लागतो. मिगच असेल तर ०.६ मिलिमीटरची तार, दोन कडांमध्ये तारेइतकीच फट, आणि टाके. सलग रेघ ओढायची नाही. आधी २५ मिलिमीटरवर टाके, मग प्रत्येक फटीच्या मध्यावर एक, दोन शेजारी टाके कधीही लागोपाठ नाहीत. हात ठेवून बघा, कोमट झाल्याशिवाय पुढचा टाका नाही. ओल्या फडक्याने घाईने थंड करण्याची सवय लागली असेल तर सोडा, ती आकसवण्यासाठीची युक्ती आहे आणि तुम्हाला इथे आकसायला नकोच आहे. वरची पुट्टी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल तर पुन्हा हातोडी घ्या. छत तापतं, हलतं, जाड पुट्टी त्याच्यावर टिकत नाही.

आता रिव्हेट आणि ॲडहेसिव्ह. स्ट्रक्चरल इपॉक्सी आणि स्पॉट वेल्ड एकत्र वापरण्याची पद्धत कारखान्यांतही आहे, तेव्हा कल्पना वाईट नाही. अडचण तुमच्या फ्लँजची आहे. गंजलेल्या फ्लँजवर इपॉक्सी धातूला चिकटत नाही, गंजाच्या पापुद्र्यावर चिकटतं, आणि पापुद्रा निघून येतो. दोन्ही बाजू चकचकीत पांढऱ्या धातूपर्यंत येत असतील तर पन्हळीच्या सरळ लांबीत इपॉक्सी लावून मध्ये प्लग वेल्डसाठी मोकळ्या जागा सोडा, कारण वेल्डजवळ ते जळतं. काचेचे कोपरे आणि खांबांचे माथे फक्त वेल्ड. गाडी पलटी झाली तर डोक्यावरचं छत तेवढ्यावरच उभं राहतं. नुसते पॉप रिव्हेट तिथे नकोत. आणि पन्हळीवर सामानाचा कॅरियर लावायचा विचार असेल तर त्याचा सगळा भार याच फ्लँजवर येतो, तेव्हा वेल्डच्या संख्येत काटकसर नको.

हे सगळं वेल्ड केलेल्या पोलादी छतापुरतं. तुमच्यासारखंच काम बघून कुणी दुसऱ्या गाडीवर करू जाईल म्हणून सांगतो: १९४८ पासूनच्या जुन्या लँड रोव्हरचं छत ॲल्युमिनियमचं आणि बोल्टने बसणारं आहे. तिथे जोड कापण्यापेक्षा ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यात पाणी आणि थेट स्पर्श टाळणं हेच मुख्य काम. टोयोटा एफजे ४० च्या हार्ड टॉपचं वरचं झाकण फायबरग्लासचं, सडतात त्या त्याच्या कडेच्या पोलादी पन्हळी. उलट लाडा निवा किंवा जीप चेरोकी एक्सजेला वेगळी चॅसिसच नाही, छत हा सांगाड्याचा भाग आहे. तिथे आधार न टाकता छत उतरवलं तर वर सांगितलेली माझी काचेची गोष्ट स्वस्तात सुटली असं वाटेल.

वेल्ड झाल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग सीम सीलर. पन्हळीची दोन्ही टोकं सीलरने बुजवू नका, पाणी तिथूनच पडायचंय. रंगानंतर खांबांत आणि छताच्या कडेच्या पोकळीत मेण फवारा. आतलं कापड लावण्याआधी पाण्याची चाचणी घ्या: आत एक जण टॉर्च घेऊन, बाहेरचा नळी घेऊन, आणि सुरुवात खालून. काचेचा खालचा रबर पाच मिनिटं, मग बाजू, मग पन्हळ, शेवटी मागचा जोड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून येतं आणि गळती कुठली ते कळत नाही. जोडांवर आतून टाल्कम पावडर उडवून ठेवलीत तर ओघळाची रेघ स्वच्छ दिसते. वेल्डिंगच्या दिवशी आतलं जुनं कापड, फोम आणि वायरिंग बाहेर काढलेलं असू द्या, बॅटरी सुटी, अग्निशामक हाताशी, आणि काम थांबवल्यावर अर्धा तास तरी गाडीजवळ थांबा. छताच्या पोकळीतला जुना सीलर धुमसत राहतो आणि आपण हात धुवायला गेल्यावर पेटतो.

माऊंट बघून झाले की दोऱ्यांमधलं अंतर, काचेच्या चौकटीचे दोन कर्ण आणि मागच्या दाराच्या चौकटीचे दोन कर्ण एवढे पाच आकडे लिहून पाठवा. छत कुठल्या रेघेवर कापायचं ते त्यानंतर बोलू. तोवर लांब छत चार ठोकळ्यांवर सावलीत ठेवा, भिंतीला टेकवून उभं करू नका.